तळघरातला वाळूवाला

त्याचं सामान आलं तेव्हा मला वाटलं, मुलानं सिमेंट मागवलं. कॅनव्हासच्या जाड पिशव्या होत्या, प्रत्येकीच्या तोंडाला तार आणि तारेला पत्र्याचा बिल्ला. ट्रकवरची दोन माणसं पिशव्या उतरवत होती आणि हा मागं उभा राहून "हळू, हळू" म्हणत होता, जशी काही आत काचेची भांडी होती. कपड्यांची एकच बॅग होती. ती ओल्या गवतावर पडली होती, तिच्याकडं त्याचं लक्ष नव्हतं.

"काय आहे यात?" मी विचारलं.

"वाळू आहे, मावशी."

"कुठली?"

"अलास्काची. पार वरची, उत्तरेची."

"इथं वाळू मिळत नाही का?"

तो हसला नाही. "ही वेगळी आहे ना," म्हणाला आणि गॅरेजमध्ये जागा करायला गेला. संध्याकाळी सून कामावरून आली तेव्हा तिची गाडी आत जाईना. ती मुलाला म्हणाली, "बेसमेंट रेंटवर दिलंय यार, गॅरेज नाही. मी पार्क कुठं करू?" तेव्हापासून तिची गाडी रस्त्यावर राहिली.

हे अमेरिकेतल्या बेलव्ह्यूचं, नव्वदनंतरच्या वर्षांतलं. माझे यजमान गेले आणि मुलानं मला इकडं आणलं. त्याचं घर उतारावर आहे. पुढून पाहिलं तर तळघर दिसत नाही, मागून ते सरळ अंगणात उघडतं. मुलगा आणि सून दोघंही कंप्यूटरच्या कामात, नातू लहान. घराचा हप्ता मोठा म्हणून तळघर भाड्यानं द्यायचं ठरलं. तेवढ्यात एप्रिलमधल्या जयंतीच्या कार्यक्रमात हा भेटला. नागपूरचा, भूगर्भशास्त्र शिकलेला, पन्नाशीला आलेला. बायको आणि मुलगी नागपुरात, इथं एकटा. मुलानं खोली दाखवायला आणला तर त्यानं खोली पाहिलीच नाही. कपडे धुण्याच्या मशीनशेजारी एक खोल सिंक आहे, ते पाहिलं. नळ सोडला, पाण्याची धार हातावर घेतली आणि म्हणाला, "चालते."

त्याचं नाव सांगत नाही. आम्ही त्याला वाळूवाला म्हणायचो, तोंडावरसुद्धा. पहिले काही दिवस मी अहो-जाहो केलं. मग त्यानंच सांगितलं, "मावशी, अहो म्हणू नका, ऑफिसात असल्यासारखं वाटते."

ऑफिस म्हणजे एक खाणकंपनी. तिच्यासाठी तो दर उन्हाळ्यात उत्तर टोकाच्या समुद्राकाठी जायचा आणि तिथली जड वाळू तपासायचा. जड म्हणजे काळी. तिच्यात टायटॅनियमचं खनिज असतं, झिरकॉन असतं, कुठं सोन्याचा एखादा कण असतो. ती वाळू किती लांब पसरली आहे, किती खोल आहे, त्यात कामाचं किती आहे, हे पाहायचं आणि कंपनीला सांगायचं की इथं खाण काढण्यासारखं आहे की नाही. हो किंवा नाही, एवढंच. त्याचा व्हिसा कंपनीकडून होता. हो म्हटलं तर काम कायमचं होणार होतं, ग्रीन कार्ड होणार होतं, बायको-मुलगी इथं येणार होत्या. नाही म्हटलं तर काहीच नव्हतं. हे त्यानं मला पहिल्याच महिन्यात सांगितलं, भाजीचा भाव सांगावा तसं.

मी रत्नागिरीकडची. काळी वाळू मला नवी नाही. आमच्या किनाऱ्याच्या एका बाजूला ती आहे. मे महिन्यात दुपारी तिच्यावर अनवाणी पाय ठेवला तर फोड येतात. मासे वाळत घालायला आम्ही तीच बाजू धरायचो. हे ऐकलं आणि त्याचा चेहराच बदलला. नोकरीच्या सुरुवातीला तो आमच्याच किनाऱ्यावर हिंडला होता. एकेका गावाचं नाव घ्यायला लागला, कुठल्या गावाला वाळूखाली जांभा लागतो, कुठं चिखल लागतो.

"तुमच्या गावाला खाली काय आहे, मावशी?"

"मला काय माहीत. मी मासे वाळवले, खणलं नाही."

त्याला हे उत्तर फार आवडलं. पुढं किती दिवस तो येईल त्याला ते सांगायचा.

त्याच्या सवयींनी घर वैतागलं होतं. एकदा मी चिवड्याचा डबा पुढं ठेवला. त्यानं जमिनीवर वर्तमानपत्र पसरलं आणि सगळा डबा ओतला. सून ओरडली. त्यानं ढीग केला, तळहातानं चपटा केला आणि बोटानं त्यावर फुली काढली. चार भाग झाले. समोरासमोरचे दोन बाजूला सारले, उरलेले दोन मिसळले, पुन्हा ढीग, पुन्हा फुली. शेवटी मूठभर उरलं ते वाटीत घेऊन खायला बसला.

"हे काय चाललंय?"

"डब्यात वरून घेतलं तर नुसते पोहे येतात, शेंगदाणे खाली बसतात. वरून खाल्लं तर मी म्हणीन मावशींचा चिवडा बेकार आहे. तळातून खाल्लं तर म्हणीन फार चांगला आहे. खरा कसा आहे ते असं कळते."

"मग खरा कसा आहे?"

"मीठ कमी आहे."

मीठ कमीच होतं. पण त्या दिवसापासून मी त्याला चिवडा वाटीतच दिला.

खिशात लोहचुंबक असायचं, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं. वाळूत फिरवायचं, लोखंडाचे काळे कण पिशवीला चिकटले की आतून चुंबक काढून घ्यायचं, कण खाली पडतात. हे कामाचं झालं. पण तो ते कुठंही फिरवायचा. एकदा किराणा दुकानात रव्याच्या पोत्यात हात घातला, तर दुकानदार गुजराती काका काउंटरवरून धावत आला. हा शांतपणे म्हणाला, "तुमचा रवा साफ आहे." काकानं त्याला बाहेर काढलं आणि मला दम दिला की यांना आणू नका.

आणि एक प्रश्न होता त्याचा. कुणी काहीही चांगलं सांगितलं की विचारायचा, "खाली किती आहे?" एका बाईनं जावयाचं कौतुक केलं, मोठी कंपनी, मोठं घर, स्वभाव असा शांत. हा म्हणाला, "हा वरचा थर झाला. खाली किती आहे?" बाई पुन्हा आमच्याकडं आली नाही. जयंतीला शाळेचा हॉल भाड्यानं घेतला होता. वंदना झाली आणि याला चार शब्द बोलायला सांगितलं. विषय होता 'आपली प्रगती'. हा उभा राहून म्हणाला, इथं हॉलमध्ये जमलेले आपण वरचा थर आहोत, आपल्याला पाहून कुणी समाजाचा अंदाज बांधला तर तो चुकेल, खाली खणायला पाहिजे. बोलणं खरं होतं. पण लोकांना भूक लागली होती आणि बहुतेकांना वाटलं तो आपल्याला उथळ म्हणतोय. जेवताना त्याच्या टेबलावर मी आणि तो असे दोघंच होतो.

"तुला लोकांत बोलता येत नाही," मी म्हटलं.

"नाही येत. वाळूला काही वाटत नाही ना, म्हणून सवय लागली नाही."

संध्याकाळी तो सिंकपाशी उभा राहायचा. हिरव्या प्लॅस्टिकची पसरट परात होती. तिच्यात वाळू आणि पाणी घ्यायचं, गोल फिरवायचं, कडेवरून हलकं हलकं सोडून द्यायचं. पांढरी वाळू पाण्याबरोबर जाते, काळी तळाला राहते. आपण तांदूळ रोळतो, खडे तळाला राहतात, तसंच. फक्त आपण तांदूळ ठेवतो आणि खडे टाकतो. तो खडे ठेवायचा. त्याची आई तांदूळ रोळायची तेव्हा हा शेजारी बसायचा, असं तो म्हणाला. मी वरून कपडे घेऊन जायचे तेव्हा मशीन भरायच्या आधी मला तळाचं दाखवायचा. भिंगातून पाहिलं की काळ्यात लाल दाणे दिसायचे. ते गार्नेट, फुकटचं, कामाचं नाही. मला तेच बरं दिसायचं.

तो उत्तरेचं सांगायचा ते काही सुंदर नव्हतं. झाड नाही. उन्हाळ्यात सूर्य मावळत नाही आणि तरी ऊब नाही. समुद्राचा बर्फ किनाऱ्यावर चढतो आणि वाळू नांगरून ठेवतो, त्यामुळं मागच्या वर्षी होतं ते या वर्षी त्याच जागी असेल असं नाही. खणायला लागलं की हातभर खाली वाळू गोठलेली, दगडासारखी. उन्हाळा सरत आला तरच ती जरा खोलवर सुटते, आणि तेव्हाच वादळं सुरू होतात. तो खड्ड्यात उतरला की गावातला एक माणूस बंदूक घेऊन काठावर बसायचा, अस्वल येतं म्हणून.

गाव म्हणजे मूळ लोकांची थोडी लाकडी घरं, समुद्र आणि खाजण यांच्या मधल्या वाळूच्या पट्टीवर. खणायची होती ती हीच पट्टी. बंदूकवाला दर वर्षी विचारायचा, "खाण होणार का?" आणि हा म्हणायचा, "अजून माहीत नाही." एका वर्षी तो माणूस म्हणाला, तू प्रश्न विचारायला येतोस आणि उत्तरही तूच देणार, मग आम्ही इथं कशाला आहोत? वाळूवाल्यानं हे मला सांगितलं आणि विचारलं, "काय म्हणावं त्याला?"

"तू काय म्हणालास?"

"मी खणून राहिलो होतो. काही म्हटलं नाही."

त्या लोकांनी त्याला वाळवलेले मासे दिले, ते त्याला सुकटीसारखे लागले. म्हणून मग दर वर्षी निघताना मी त्याला जवळ्याची चटणी भरून द्यायचे. सून म्हणायची घरभर वास सुटतो. सुटायचाच.

मग ते वर्ष आलं. उन्हाळा संपताना तो परत आला आणि मागच्या दारानं न जाता पुढच्या दारानं वर आला, हातात मिठाईचा डबा घेऊन. मी त्याला इतका हसताना त्याआधी पाहिला नव्हता, नंतरही नाही.

"मावशी, काळा पट्टा लागला. पूर्ण किनाराभर. पाऊल ठेवलं तर पाऊल काळं."

निघायच्या थोडं आधी मोठं वादळ झालं होतं. दोन दिवस तंबूत अडकून पडला होता आणि बाहेर आला तर सगळा किनारा काळा. कंपनीतले लोक खूष झाले, त्याच्या पाठीवर थाप मारली. त्यानं आमच्या स्वयंपाकघरातून नागपूरला फोन लावला. बायको शाळेत शिकवायची. तिला म्हणाला, राजीनामा दे, मुलीची दहावी झाली की निघा, घर सोडा. फोन ठेवल्यावर मी विचारलं, "खाली किती आहे?"

त्याला वाटलं मी थट्टा करते. "खाली गोठलं होतं, मावशी. विमान निघून राहिलं होतं. वरचंच घेतलं. पण वर इतकं आहे तर खाली असणारच ना."

"असणारच असं तू कधी म्हणत नाहीस."

"या वेळी म्हणतो," तो म्हणाला आणि मिठाईचा डबा माझ्यापुढं केला.

माणसाला बायको-मुलीला आणायचं होतं. वर्षानुवर्षं चिवडा चार भागांत वाटून खाणारा माणूस त्या दिवशी डब्यात वरून हात घालून मोकळा झाला. मला त्याचं नवल वाटलं नाही. मला वाटलं, आता हा बुडाला.

पुढच्या उन्हाळ्यात तो पुन्हा वर गेला, या वेळी खोल खणायची मशीन घेऊन. तो तिकडं असतानाच बायको आणि मुलगी आल्या. मुलगा आणि मी त्यांना विमानतळावरून आणलं. बाई उंच, नीट केस बांधलेली, शिक्षिका दिसते अशीच. तळघरात गेली, सिंक पाहिलं, हिरवी परात पाहिली, गॅरेजमधल्या पिशव्या पाहिल्या.

"मावशी, हे असेच राहतात?"

"असाच राहतो."

"फोनवर सांगायचे, खाली स्वतंत्र घर आहे."

"घर आहे. स्वतंत्रही आहे. उजेड नाही."

ती हसली. मला ती आवडली. दुसऱ्या दिवसापासून तिनं सगळं घासायला काढलं. खिडकीला पडदा शिवला. मुलीला शाळेत घातली. मुलगी माझ्या नातवाशी मराठीत बोलायची, तो इंग्रजीत उत्तर द्यायचा, दोघांचं बरं चाललं. आणलेल्या बॅगांतल्या दोन बाईनं उघडल्या, बाकीच्या तो आला की उघडू म्हणून भिंतीला लावून ठेवल्या.

तो आला. दारात मुलीला जवळ घेतलं, बायकोकडं पाहिलं, आंघोळ केली आणि झोपला. उठल्यावर वर आला, बायको त्याच्या मागं. सकाळची वेळ होती, बाहेर पाऊस. मी पोळ्या करत होते. त्यानं खुर्ची ओढली आणि मलाच सांगितलं, बायकोला सांगायची हिंमत नव्हती म्हणून.

"मावशी, खाली काही नाही."

"काळं?"

"काळं नाही. करडी वाळू आणि गोटे. सगळीकडं खणलं. आणि वरचा पट्टापण गेला. वादळानं हलकी वाळू धुऊन नेली होती, म्हणून जड वर दिसत होती. हिवाळ्यात समुद्रानं ती पण नेली. मी जे पाहिलं ते एका वादळाचं होतं."

बायको ओट्याला टेकून उभी होती. "मग आता?"

"कंपनीला सांगावं लागते. नाही म्हणून."

"नाही म्हटलं की काय होते?"

तिला माहीत होतं काय होतं ते.

"मागच्या वर्षीचे आकडे आहेत ना तुमच्याकडं?" ती म्हणाली. "ते खोटे आहेत का?"

"खोटे नाही. वरचे आहेत."

"मग तेच द्या. खरे आहेत तर द्या. हो म्हणा. पुढं खणतील तेव्हा त्यांचं ते पाहतील."

"गाव त्याच वाळूवर आहे. हो म्हटलं तर आधी वाळू उपसतील आणि मग त्यांना कळेल की खाली काही नाही. तोवर समुद्र त्यांच्या घरात."

"आणि आम्ही?" तिचा आवाज चढला नाही, तेच वाईट होतं. "तुमच्या एका शब्दावर मी नोकरी सोडली. भाड्याचं घर सोडलं, भांडी वाटली. पोरीला तिथून उचललं. त्यांचं गाव वाळूवर आहे, आमचं कशावर आहे ते सांगा."

"मी चुकलो."

"तुमचं चुकणं मला नको आहे. कोण म्हणालं होतं फोनवर, निघा म्हणून?"

"मी."

"मग तेव्हा नाही का आठवलं तुमचं ते, खाली किती आहे?"

तवा तापला होता, पोळी करपली. मी ती खाली काढली. बाई माझ्याकडं वळली. "मावशी, तुम्ही सांगा ना यांना. तुमचं ऐकतात."

"माझं काय, तो कुणाचंच ऐकणार नाही," मी म्हटलं. "त्या भिंतीला लावलेल्या बॅगा तू उघडू नकोस. परत बांधायला लागतील."

लोक मला म्हणतात, असं बोलायला नको होतं. पण मग काय बोलायचं? ती रडली नाही. खाली गेली आणि उघडलेल्या दोन बॅगा भरायला लागली. तो तसाच बसून राहिला. मी त्याच्यापुढं चहा ठेवला, तो त्यानं प्यायला नाही.

त्यानं कंपनीला नाही असं लिहून दिलं. त्या सकाळपासून बायको त्याच्याशी बोलत नव्हती, स्वयंपाक करायची, वाढायची, मुलीमार्फत निरोप द्यायची. "बाबांना सांग, भात आहे." तो दोन हात अंतरावर बसलेला असायचा. लिहून दिल्यानंतर आठवडा झाला नसेल, कंपनीनं त्याला बोलावून सांगितलं की काम संपलं. नोकरी गेली की व्हिसा गेला. त्यानं ते शांतपणे घेतलं, उलट थोडा ताठ चालायला लागला. मला म्हणाला, "पाहा मावशी, माझा नाही त्यांना झोंबला. म्हणून काढलं. आता ते तिथं खणणार नाहीत."

बायको त्याच्याबरोबर कंपनीत गेली होती, यंत्रं आणि किल्ल्या परत द्यायला. परत आल्यावर ती त्याच्याशी बोलायला लागली. मोठं काही नाही. "छत्री घ्या," असं. मला वाटलं, राग किती दिवस टिकणार, थकली असेल.

ते गेले. विमानतळावर मुलगा सोडून आला, मी गेले नाही. कंपनीनं पिशव्या न्यायला कुणी पाठवलं नाही. गॅरेजमध्ये त्या हिवाळाभर पडून राहिल्या. शेवटी मुलानं माणूस बोलावून त्या कचरा टाकायच्या ठिकाणी पाठवल्या. मी त्यातली मूठभरसुद्धा ठेवली नाही. सुनेची गाडी आत आली. तळघरात एक चिनी जोडपं राहायला आलं, फार स्वच्छ माणसं.

पुढच्या वर्षी मुलाला एका जेवणात त्या कंपनीतला कुणी भेटला. घरी येऊन मुलगा म्हणाला, "आई, वाळूवाल्या काकांचा काही संबंधच नव्हता. त्यांनी अलास्काचं काम बंद करायचं आधीच ठरवलं होतं. काका तिकडं खणत होते तेव्हाच. कंपनी विकली, नव्या लोकांना तो बीच नकोच होता. काकांचं लिहिलेलं कुणी वाचलं पण नाही."

म्हणजे हो म्हटलं असतं तरी नोकरी जाणारच होती आणि नाही म्हटलं म्हणून काही वाचलं नव्हतं. नवरा-बायको ज्यावरून तुटायला आले होते, ते आधीच कुणीतरी दुसऱ्यानं, दुसऱ्या कारणानं उरकून टाकलं होतं.

मला वाटलं, हे त्याला कळायला पाहिजे. खरं आहे ते माणसाला सांगावं. मी फोनकार्ड घेतलं आणि नागपूरला फोन लावला. बायकोनं उचलला. ती भावाकडं राहत होती, शाळेत परत घेतलं नव्हतं, घरीच शिकवण्या करत होती. तो नदीच्या वाळूच्या ठेकेदारांकडं वाळू तपासायला जायचा, मिळेल तसं.

मी तिला सगळं सांगितलं.

"मला माहीत आहे, मावशी," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"किल्ल्या द्यायला गेलो ना, त्या दिवशी. हे आत सह्या करून राहिले होते. समोर बसते ती मुलगी मला म्हणाली, सॉरी, आम्हाला उन्हाळ्यातच कळलं होतं. तिला वाटलं आम्हाला माहीत आहे." मग तिनं आवाज खाली आणला. "यांना मी सांगितलं नाही. सांगू नका, मावशी. हे रोज कुणाला तरी सांगतात, माझ्या नाहीमुळं ते गाव राहिलं. तेवढंच आहे यांच्याजवळ."

मागून त्याचा आवाज आला, कुणाचा फोन आहे म्हणून. तिनं त्याला दिला.

"मावशी! जय भीम!" त्याचा आवाज बारीक झाला होता. इकडचं तिकडचं विचारलं, सून कशी आहे, नातू कितवीत आहे. मग म्हणाला, "तिकडचं काही कळलं का? खणायला कुणी गेलं का?"

"मला काय कळणार. मी चौथी शिकलेली बाई."

"तुमचा मुलगा काही बोलला असेल ना."

"बोलला. कुणी गेलेलं नाही."

"गेलं नाही ना?" त्याची बायको तिथंच शेजारी उभी असणार, मला तिचा श्वास ऐकू येत होता की त्याचा, कळलं नाही. "म्हणजे माझ्या नाहीनंच थांबलं, मावशी."

कार्डावरची मिनिटं संपत आल्याची घंटी वाजली.

"हो," मी म्हटलं. "तुझ्या नाहीनंच थांबलं."